राखाडी बटण

सचिवसाहेबांनी कागदावर चार चौकटी काढून दिल्या,
जिना उतरावा तशा.
सगळ्यांत वर ते स्वतः,
मग लेखापाल, मग अडते,
आणि तळाशी, शाई संपत आली म्हणून की काय,
पुसटसं: मापारी.

"ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसू द्या," ते म्हणाले.
वाक्य चुकीचं नव्हतं.
आम्हालाही हेच शिकवतात.

गायत्रीनगरच्या पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मार्च संपताना, कूलरला नवा वाळा भरला त्या दुपारी
मी भूमिका लिहायला बसले.
भूमिकाच म्हणतो आम्ही, नाटकासारखं.
फक्त इथे पडदा
प्रत्येकासाठी वेगळ्या उंचीवर थांबतो.

सचिवांना सगळं: आवक, भाव, अडत, थकबाकी,
शिवाय एक लाल बटण, नोंद रद्द करायचं.
लेखापालांना सगळं, लाल सोडून.
अडत्याला आपापला गाळा;
शेजारी काय भाव फुटला ते नाही.
कळमन्यात ते भिंतीपलीकडून ऐकू येतंच,
पण यंत्राने चहाडी करू नये.
मापाऱ्याला एक चौकोन: वजन.
एक हिरवं बटण: जमा.
बस.

लपवणं किती सोपं असतं.
एका ओळीची अट.
पातळी चार असेल, तर काढूच नका.
बटण मरत नाही, तक्रार करत नाही,
नुसतं त्या माणसाच्या जगात
जन्मालाच येत नाही.

चाचणीला सकाळी सहाला बाजारात पोचले.
मृगबहाराचा शेवटचा माल, ओल्या क्रेटांची थप्पी,
आणि काट्यापाशी तानबाजी लांजेवार,
एकतीस वर्षं तिथेच,
बोटांवर संत्र्याच्या सालीचं तेल
आता कातडीसारखं मुरलेलं.

पहिलंच वजन बेचाळीस किलो.
बोट घसरलं, एक शून्य जास्त पडलं,
हिरवं बटण दाबलं गेलं.
चारशे वीस!
हमाल पोट धरून हसले.
तानबाजी हसले नाहीत.
आकड्यापुढे त्यांचं नाव होतं.

"आता हे खोडू कुठून जी?"
"तुम्हाला नाही खोडता येत, काका. साहेबांना येतं."
त्यांनी टॅबलेट उलटा करून पाहिला,
पाठीमागे काही राहून गेलं असावं तसा.
"मंग ते दिसत काहून नाही?
वहीत खोडलं तं खोडलेलं दिसे, बाजूले सही राहे.
मले वाटलं, खोडनं हा प्रकारच बंद झाला आता."

मी साहेबांना म्हटलं, बटण दाखवू या.
राखाडी. दाबलं जाणार नाही,
पण आहे म्हणून कळेल,
आणि किल्ली कोणाकडे आहे तेही खाली लिहू.
"दाखवलं की विचारत बसतील."
विचारू द्या, असं म्हणायचं होतं.
"बघते सर," म्हटलं.

त्या रात्री पगाराची चिठ्ठी उतरवायला
कंपनीच्या पानावर गेले.
माझं नाव, माझे दिवस, माझी कपात.
उजवीकडे हाताच्या पंजाएवढी पांढरी जागा.
चार वर्षं मी तिला
मांडणीतला मोकळेपणा समजत होते.

आठवड्याने टॅबलेट परत आला.
खिडकीशी तिरका धरला तेव्हा दिसलं:
हिरव्या बटणावर एक नारिंगी, तेलकट डाग.
आणि त्याच्या डावीकडे,
जिथे मी काहीच ठेवलं नव्हतं,
ठशांवर ठसे,
एकाच अंगठ्याचे.

पुसण्याआधी मी पट्टी लावून मोजलं,
कडेपासून किती, वरून किती.
राखाडी बटण बरोबर तिथे बसवलंय.
अजून मंजुरी बाकी आहे.
ती पातळी माझी नाही.